रोटाचं ताट आणि सुजलेली मांडी

वर्दी उतरवून तीन वर्षं झाली, पण पांडेसऱ्याच्या पोलीस ठाण्यातली ती श्रावणातली सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे.

रिक्षातून एक बाई नवऱ्याला घेऊन ठाण्यात आली. तो डाइंग मिलमधला कामगार. अंगात ताप, उजवी मांडी टम्म सुजलेली.

"मन्हा नवराले देरनी लाथ मारी, बाई!"

आठ दिवसांपूर्वी कानबाई देवीचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पुरणपोळ्या, खाताना भावाभावांत भांडण झालं, हे शेजाऱ्यांनीही सांगितलं. नवरा मात्र म्हणे, "भाऊनी काहीच नई करं." मला वाटलं, पाठीशी घालतोय.

दीर शेजारच्या बमरोलीत मित्राच्या खोलीवर असल्याची खबर मिळाली. त्याला आणला.

"ढकललं, मॅडम. लाथ नाही मारली."

"का ढकललं?"

तो चोरून भावाकडे बघायला लागला.

"भावाचा पाय बघ जरा! बोल."

"शपथ घातलीय त्यानं. कानबाईची."

दोन तास असेच गेले. मग आमचा गुजराती हवालदार नवऱ्याकडे बोट दाखवत कुरकुरला, "बेन, आ भाई पाणीनो त्रीजो जग पी गयो."

तेव्हा कुठे मी मांडी नीट पाहिली. माराची मांडी काळीनिळी पडते. ही लाल, गरम, लाकडासारखी टणक. माझ्या आईला शुगर होती. तीन-तीन जग पाणी पिणारी ती तहान मी ओळखते.

"गोळ्या कधी सोडल्या?" मी नवऱ्याला विचारलं. त्यानं मान खाली घातली.

"कसल्या गोळ्या?" बायको म्हणाली.

धाकट्याला राहवलं नाही. "शुगरच्या, वहिनी! रोट भाऊबंदांनीच संपवायचे, म्हणून चार दिवस दोन्ही वेळ पुरण खाल्लं यानं. वर देवीच्या दिवसांत औषध नको म्हणे. मी ताट ओढलं, तो अंगावर आला, मी ढकललं. तुला शुगरचं कळलं तर काम सोडवून गावी नेशील, म्हणून मला शपथ."

यादी, म्हणजे तपासणीसाठीची पोलीस चिठ्ठी, लिहून थोरल्याला सरकारी दवाखान्यात पाठवला, मागोमाग मीही गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "स्नायूत पू झालाय. साखर वाढली की जंतूंना रान मोकळं. लाथेची खूण नाही. इतका वेळ काय करत होतात?"

"जबाब घेत होते," मी म्हटलं. स्वतःचीच लाज वाटली.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पाय वाचला.

पुढच्या श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत दोघे भाऊ दिसले. थोरला किंचित लंगडत, पण नाचत होता. मी लांबूनच विचारलं, "गोळ्या?" धाकट्यानं हसून स्वतःचा खिसा थोपटला.

त्यानंतर सुजलेलं अंग घेऊन कुणी ठाण्यात आलं, की मी आधी दवाखान्याची यादी लिहायचे. कोणी मारलं, ते नंतर विचारायचे.