उन्हाचं काम

मी अकोला सोडलं ते मे महिन्याच्या भर दुपारी. प्लॅटफॉर्म नुसता तापलेला. गाडी सुटता सुटता आईने माझ्या पर्समध्ये एक कांदा कोंबला. "ऊन लागत नाई यानं. जवळ ठेवजो." मी परदेशात सूर्याचा अभ्यास करायला चालले होते, एवढंच तिला समजलं होतं. म्हणजे पोरगी आता जन्मभर उन्हात उभी राहणार, असं तिने धरून घेतलं.

तीस वर्षं झाली, तिच्या डोक्यातून ते काही गेलं नाही. किती वेळा सांगितलं, आई, दुर्बीण वर अवकाशात असते, फोटो कॉम्प्युटरवर येतात, मी तळघरातल्या खोलीत बसून सूर्यावरचे डाग बघते. तिचं उत्तर ठरलेलं. "सूर्य पाह्याले उन्हात जा लागत नाई? कोनाले सांगून राहिली तू?" आणि इकडे येणारं कोणी भेटलं की त्याच्या हाती तोंडाला बांधायला पांढरा सुती दुपट्टा. माझ्या कपाटात दुपट्ट्यांची चळत आहे.

इकडे म्हणजे उत्तर युरोपात. हिवाळ्यात सूर्य आठवडेच्या आठवडे तोंड दाखवत नाही. सूर्याची एवढी मोठी तज्ज्ञ, आणि डॉक्टर मला व्हिटॅमिन डीच्या गोळ्या लिहून देतात! अकोल्यात माणसं कूलरपुढून हलत नाहीत, आणि इथे जरा ऊन पडलं की ऑफिसं सोडून बाकांवर डोळे मिटून बसतात. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना हे काय सांगायचं म्हणा.

पण पहिली असण्याचा फार थकवा येतो हो. अमरावतीला एमएस्सीच्या वर्गात मी एकटी मुलगी. इथल्या विभागात पहिली बाई, पुढे पहिली प्रमुख. सुरुवातीला मीटिंगमध्ये कॉफीचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघायचे. सौरज्वाळा उठण्याआधी डागांमध्ये काय हालचाल होते, हे माझं काम. कितीतरी वर्षं कोणी ते मनावर घेतलं नाही, आता ते पोरांच्या अभ्यासाला आहे. अमरावतीत शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. निवेदक 'पहिली महिला, पहिली महिला' करत होता आणि मला वाटत होतं, बाबा रे, मला कुठेतरी दुसरी-तिसरी होऊन निवांत बसू दे.

यंदा संस्थेने आणखी पाच वर्षांचं प्रमुखपद पुढे केलं. नवी दुर्बीण पाठवायची होती. तिचं स्वप्न मीच पाहिलेलं. तिकडे आईचे गुडघे गेलेले, भाऊ नोकरीपायी अमरावतीला, आणि आई अकोल्याचं घर सोडायला तयार नाही. ये म्हणून तिने कधी म्हटलं नाही. फोनवर एकदाच म्हणाली, "सोड ना आता ते उन्हाचं काम. सूर्य काई पळून नाई चालला."

मी चिडले. जन्म घातला त्या कामात, आणि ही बाई काय बोलते! फोन ठेवल्यावर मात्र उमगलं. माझं काम काय, हे आईला कधी कळलं नाही. पण मी दमले आहे, हे फक्त तिलाच कळलं होतं.

मी नकार कळवला. दुर्बीण आता माझी विद्यार्थिनी बघेल. जीव तुटला, खोटं कशाला सांगू?

अकोल्याला पोचले तीही मे महिन्यातलीच दुपार. ऑटोतून उतरले तर आई दारात खुर्ची टाकून बसलेली. घसा कोरडा पडला होता. तिच्याजवळ पाण्याचा तांब्या होता, मी त्याला हात घातला, तिने तो मागे ओढला. शाळेतून आले की असंच करायची.

"आल्या आल्या पानी नाई. उन्हातून आली ना तू? बस आधी. गूळ खा, मंग पिजो."

मी तिच्या पायाशी फरशीवर बसले. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि जे रडू फुटलं ते आवरेना. तिने हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावून पाहिली.

"पाह्य," ती म्हणाली, "लागलंच ना ऊन."