नाटकाला लावलेला कौल

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाल्यानंतरची ती आमच्या गावची पहिलीच जत्रा. जत्रेत गावकऱ्यांचं मराठी नाटक व्हायचं आणि त्या वर्षीचं मी लिहिलं होतं. मराठी-कोकणीच्या वादात मराठीसाठी घोषणा देऊन घसे बसलेली पोरं ‘मराठीत आहे ना, मग झालं’ म्हणत तालमीला आली. कथानकाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. नाटकातल्या अंतराळवीरांसाठी आम्ही खाणीवरच्या हेल्मेटांना चांदीचा कागद चिकटवला. मी डिचोलीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि हे माझं पहिलंच नाटक. ते एकदा तरी रंगमंचावर दिसावं म्हणून मी झुरत होते.

कथा अशी : दूरच्या ग्रहावर वस्तीला गेलेली माणसं गावचा देव सोबत नेतात आणि तिथंही त्याला कौल लावतात. आमच्याकडे लावतात तसाच. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार; देवाच्या या उत्तराला आमच्याकडे प्रसाद म्हणतात. माझ्या नाटकातली शास्त्रज्ञ बाई शोधून काढते, की त्या ग्रहाची जमीनच सारखी थरथरते आणि पाकळ्या त्यानेच पडतात. ‘हे उत्तर देवाचं नव्हे, जमिनीचं,’ असं ती भर देवळात सुनावते.

हे वाक्य देवस्थानच्या अध्यक्षांच्या कानांवर गेलं आणि ते भडकले. “देवाची थट्टा, ती पण देवाच्याच दारात?” शेवटी ठरलं, नाटक करायचं की नाही हे देवालाच विचारायचं. पाकळ्या लावणार माझे वडील, कारण गावचे गुरव तेच. कौलाच्या दिवसापर्यंत घरात आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

सकाळी सगळे गाभाऱ्यासमोर जमले. बाबांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या हलेनात. देवळाखालच्या रस्त्याने खनिजाचे ट्रक जात. मोठ्या कामाचा कौल असला की दोघं जण रस्त्यावर उभे राहून ते थांबवून धरत. नाटकासाठी एवढं कोण करणार? एक भरलेला ट्रक घरघरत चढ चढला, समया थरथरल्या आणि उजवी पाकळी पडली.

पोरांनी जयजयकार केला. अध्यक्षांनी निमूट हात जोडले. माणूस हट्टी, पण देवाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हे. माझा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र पाकळी उचलेनात. ते माझ्याकडे वळले.

“सांग गो बाय, तुजी ती शास्त्रज्ञ हो प्रसाद मानतली?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. नुसती मान डोलावली असती तरी नाटक झालं असतं. मला बाबांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. घरात विचारायचं ते चारचौघांत विचारत होते.

“ना,” मी म्हटलं.

बाबांनी पाषाण पुसून कोरडा केला आणि नव्या पाकळ्या लावल्या. या खेपेला अध्यक्ष स्वतः खाली जाऊन ट्रक अडवून उभे राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग डावी पाकळी अलगद सुटली आणि खाली पडली.

पोरं माझ्यावर तुटून पडली. “शाणपण कोणें सांगिल्लें तुका?”

मी उंबरठ्यापाशी धावले. “बाबा, एका प्रयोगावरून काय सिद्ध जायना. परत लावा!”

बाबांनी मान हलवली.

“पयलो प्रसाद मियां तुज्या शास्त्राखातीर सोडलो. हो तूं माज्या देवाखातीर घे.”

मी हात जोडले. नाटक कधीच झालं नाही, आणि माझा राग आजही गेलेला नाही.