वाळा आणि पास

बाळांनो, तुम्ही मागच्या खेपेला इथे विसरून गेलेलं धातू शोधायचं यंत्र माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, त्याच्या पुस्तिकेसह आहे. तिकडे तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर त्याने नाणी शोधायचात. इथे दौंडला ते एकदाच कामाला आलं, ते तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं.

आपल्या शेताशेजारच्या आजी तुम्हाला आठवतात ना, ज्यांच्या गोठ्यातलं करडू सोडून तुम्ही जेवायलाही येत नव्हतात? मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला बाई म्हणतात. एका शनिवारी सकाळीच त्या येऊन बसल्या. चहा घेईनात. मग पदराच्या गाठीतून चांदीचा एक इवलासा वाळा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

त्यांची पहिली मुलगी अकराव्या दिवशी गेली होती. एक वाळा पायात ठेवून तिला घराच्या अंगणातच पुरलं. दुसरा हा. बाळंतीण म्हणून मावशींना खोलीबाहेर येऊ दिलं नव्हतं. जागा सासूला आणि नवऱ्याला ठाऊक, आणि ती दोघंही आता नाहीत. पुढे भीमेच्या पुराला कंटाळून गाव माळावर आलं, जुन्या घरांच्या जागी पांढऱ्या मातीचा उंचवटा तेवढा उरला. सोमवारी त्यावर मावशींचा मुलगा जेसीबी लावणार होता, पोल्ट्रीच्या शेडसाठी. आपल्याआधी एक बहीण होऊन गेली हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

“बकेटात उचलून टाकतील वो तिला,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या नातवंडांचं मशीन चांदी सांगतं म्हनं.”

मी तो वाळा यंत्रासमोर फिरवून पाहिला. बारीक, स्वच्छ आवाज आला. तो नीट ध्यानात ठेवला आणि आम्ही निघालो.

मावशींच्या जुन्या घराला लागूनच लोहाराचं घर होतं. त्यामुळे तिथली माती लोखंडाने भरलेली: भट्टीतली कीट, बैलांचे नाल, खिळे, बैलगाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावेचे तुकडे. पाऊल टाकलं की यंत्र खरखरायचं. पुस्तिकेत अशा जागेसाठी लोखंडाचा आवाज बंद करायचा उपाय दिला आहे. मी तो केला. लगेच शांतता झाली, आणि मला ती आवडली. मग खुंट्या ठोकून, सुतळीने अंगणाचे चौकोन पाडून मी एकेक तपासत गेले आणि वहीत प्रत्येकापुढे लिहीत गेले: काही नाही.

रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थांनी गाडी थांबवून विचारलं, हंडा घावला का बाई. मावशींनी मान न वळवताच सांगितलं, “तुज्या आज्यानं पुरला आसंल तर घावंल.” ते हसत निघून गेले.

रविवारी दुपारपर्यंत शेवटचा चौकोन झाला. मी मावशींजवळ खाली बसले आणि म्हटलं, चांदी कुठेच लागत नाही. फक्त लोखंड आहे, आणि ते मी बंद करून ठेवलंय.

“बंद?”

“हो. नाहीतर दुसरं काही ऐकूच येत नाही.”

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आन् तिच्यावर कुळवाची पास ठिवलीया, तिचं काय?”

बाळंतिणीच्या उशाशी बाधा नको म्हणून विळा ठेवतात, हे मी माझ्या बाळंतपणातही पाहिलं होतं. मातीत ठेवलेल्या लेकरावरही लोखंड ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

“त्यात काय सांगायचं? लोखंडाबिगर लेकरू कोन ठिवतं मातीत?”

म्हणजे चांदीवर लोखंड होतं, आणि मी लोखंडालाच गप्प केलं होतं; त्याखालची चांदीही त्याबरोबर गप्प झाली होती. मी यंत्रावर लोखंडाचा आवाज पुन्हा सुरू केला. सगळी जमीन ओरडू लागली. पण खिळ्याचा आवाज तुटक असतो. पास म्हणजे कुळवाचं हातभर लांब लोखंडी पातं, तिचा आवाज लांबच असणार. तसा तो दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या चौकोनात लागला. वहीत त्याच्यापुढेही मी ‘काही नाही’ लिहिलेलं होतं.

खुरप्याने वीतभर माती काढली. गंजून फुगलेली पास निघाली. ती बाजूला ठेवून मी यंत्र खड्ड्यावर धरलं. बारीक, स्वच्छ आवाज आला. शनिवारी माझ्या टेबलापाशी आला होता तोच.

मी पुन्हा खुरपं उचललं तेव्हा मावशींनी माझं मनगट धरलं. “नगं, बाई. निजू द्या.” पास त्यांनी होती तशी आडवी ठेवली आणि माती हाताने लोटली.

मग त्यांनी मुलाला बोलावून घेतलं आणि तिथे उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.  त्याने विचारलं, “नाव काय हुतं तिचं?”

“बाराव्या दिशी ठिवायचं हुतं,” मावशी म्हणाल्या.

मी घरी येऊन वहीतले त्या चौकोनापुढचे दोन शब्द खोडले.

सोमवारी जेसीबी आला आणि तेवढी जागा सोडून काम करून गेला. ती शेड आता रस्त्याला तिरकी उभी आहे. खाद्य घेऊन येणारे टेम्पोवाले वळताना कुरकुरतात, सरळ का नाही बांधली म्हणून विचारतात. मावशींचा मुलगा “बहीन हाय तिथं,” एवढंच सांगतो.