रिकामा गेलेला डबा

आई माझ्या घरी राहत नाही, हा राग मी वर्षानुवर्षे जपला. थोरल्या भावाला तिने शिकवलं, तो मास्तर झाला. मला शाळेतून काढून पॉवरलूमवर लावलं. आज अक्कलकोट रोडला माझे स्वतःचे माग आहेत, टॉवेलच्या भावात मला कुणी गुंडाळू शकत नाही. तरी आई राहणार जुळे सोलापुरात, त्याच्या फ्लॅटमध्ये. या उन्हाळ्यात मात्र ती आपणहून माझ्याकडे आली. "आता पाऊस पडंस्तोवर हितंच," म्हणाली. मोठा सौदा मारल्यासारखा मी घरभर फिरत होतो.

आल्याबरोबर तिने लोण्याचं काम ताब्यात घेतलं. बायको मिक्सरवर लोणी काढायची. ते आईला पटेना. "मिक्सरमदी तापतंय ते. चव ऱ्हात न्हाय." ती सांगोल्याकडची, दारात म्हैस होती तेव्हापासून रवीने घुसळणारी. रोजची साय विरजणाच्या भांड्यात पडायची, भांडं फ्रिजमध्ये. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आई रवी फिरवायची, बायको भांडं घट्ट धरायची आणि मुलगी बर्फाचे खडे सोडायची. आमच्याकडच्या मे महिन्यात बर्फाशिवाय लोण्याचा गोळा होत नाही, नुसतं पातळ तरंगत राहतं. मी ताटात भाकरी घेऊन वाट बघत बसायचो.

त्या रविवारी लोणी छान आलं. आईने ते गार पाण्यात धुतलं आणि मोठा गोळा उचलून वहिनीच्या डब्याकडे वळली. वहिनीने त्या डब्यातून शेंगदाण्याची चटणी पाठवली होती.

"पहिला गोळा तिकडंच का?" मी विचारलं.

"डबा रिकामा कसा धाडायचा रे?"

"दूध माझ्या घरचं, घुसळलं माझ्या घरात, आणि लोणी मास्तरांना. लहानपणीही तेच, आताही तेच."

"लहानपणी तू आदीच भांडं चाटून मोकळा हुयाचास की," आई हसून म्हणाली.

ती हसली म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी डबा तिच्यासमोरून उचलला, विसळला, पुसला आणि रिकामाच गाडीला अडकवून निघालो. मागून तिने एकदाच हाक मारली. मी वळलो नाही.

वहिनीने दारातच डबा घेतला. हलका लागला तसं तिने झाकण उघडून पाहिलं.

"आई बऱ्या आहेत ना, भावजी?"

"बरी आहे की. तिला काय झालंय?" म्हणत मी जिना उतरलो.

आईने कधी कुणाचं भांडं रिकामं परत केलेलं नव्हतं. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. दुपारी रणरणत्या उन्हात थोरला माझ्या दारात उभा. चपलाही न काढता आत आला.

"आई, काय होतंय तुला? रिकामा डबा आला, मी तसाच निघालो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात डाव्या हाताने धरला.

"हात भरून आलाय रे. घुसळायला जमलंच न्हाय."

बायको खाली बघत राहिली. लोणी फ्रिजमध्ये होतं.

"या वयात तिला रवी धरू देतोस?" भाऊ मला म्हणाला. "मिक्सर नाही का घरात? चल आई, आपल्या डॉक्टरांना दाखवू. आता काही दिवस तिकडंच राहा."

व्यापाऱ्यासमोर मला कधी शब्द कमी पडत नाहीत. इथे एक वाक्य पुरे होतं: तिचा हात चांगला आहे, डबा मी रिकामा आणला. तसं बोललो तर आईचं खोटं उघडं पडेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मास्तरांपुढे मान खाली घालायची नव्हती. आईने पिशवी भरली. ती मीच खाली रिक्षापर्यंत नेली.

साय पुन्हा साठली. पुढच्या रविवारी रवी मी धरली. खांदे दुखून आले, बर्फ संपला, तेव्हा कुठे गोळा झाला. घरात चमचाभरही न ठेवता सगळं लोणी डब्यात भरून मी भावाकडे गेलो. आईने बोटावर घेऊन चाखलं.

"पाणी ऱ्हायलंय यात. अजून धुवायला पायजे हुतं."

"मग तू चल आणि दाखव."

"हात बरा होऊ दे आधी तिचा," भाऊ आतून म्हणाला. "रोज मलम लावतोय मी."

आई माझ्याकडे बघत राहिली. खोलीत मलमाचा वास होता.

"व्हय, होऊ दे बरा," मी म्हणालो.

आईने हात पदराखाली घेतला.

निघताना वहिनीने माझा डबा परत दिला. तो भरलेला होता. घरी येऊन मी तो ओट्यावर ठेवला; झाकण मला उघडवेना, ते बायकोला उघडायला सांगितलं.