अळणावरातली रोट्टीची मिरवणूक

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा मनात एकच होतं. पोरगी तिथं कुढत असेल, तर बरोबर घेऊनच यायचं. मुलानंही तेच बजावलं होतं. आमच्या रेवतीला, माझ्या नातीला, अळणावरच्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि फोनवरचा तिचा आवाज बारीक झाला. “आजी, रविवार सरता सरत नाही गं,” म्हणायची.

लोंढ्याच्या पुढं झाडी दाटली. अळणावरला उतरून फोन लावला, तर उचलेना. रिक्षावाल्या अण्णानं खोलीपाशी सोडलं, तर दाराला कुलूप! अन् तुम्हाला सांगते, अख्ख्या गल्लीची दारं बंद. कट्ट्यावर एक अज्जा (आजोबा) तेवढे बसलेले.

“मास्तरीणबाई? रोट्टी घेऊन कॉलेजला गेल्या की! सगळेच गेल्यात. कूड्री अक्का (बसा).”

बसते कशाची! हलगीच्या आवाजामागं निघाले.

इथं कॉलेजचं ग्यादरिंग (स्नेहसंमेलन) असलं, की घरोघरच्या कडक रोट्ट्या, म्हणजे ज्वारीच्या पापडासारख्या भाकऱ्या, वाजतगाजत पंगतीला नेतात. बायका ओळीनं चाललेल्या, डोक्यावर टोपल्या, आणि मधोमध आमची रेवती! घामानं निथळतेय, टोपली सावरतेय.

“आजी! अगं, फोन खोलीतच राहिला!”

माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला.

तिच्या घराशेजारची शांतव्वा म्हणाली, “अज्जी, शिकवती झकास हो. रोट्टीत मात्र नापास!”

“मग घेतल्या कशाला तिच्या?”

“आता गं बाई! चूल हाय, दार हाय, म्हंजे घर हाय. घर वगळून कसं चालंल? माझ्याच परसात बसून थापल्यात तिनं.”

पंगतीत भरली वांगी, शेंगाचटणी आणि रोट्ट्यांचे ढीग. एका पोराच्या ताटात जाडजूड रोट्टी पडली. “म्याडमची!” तो ओरडला. सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं रेवती.

संध्याकाळी विचारलं, “चलतेस मिरजेला?”

“आत्ता? शांतव्वाच्या सुनेचं डोहाळजेवण आहे आजी. मी नसले तर ती बोलेल का माझ्याशी?”

परतीच्या गाडीत अशी झोप लागली, की मिरज आल्याचं बाकावरच्या बाईला मला हलवून सांगावं लागलं. इतके दिवस मी लेकराला जेवण मिळतं का, याचाच घोर करत होते. गावानं तिच्याकडंही भाकरी मागावी, हे काही सुचलं नव्हतं मला.

स्टेशनवर मुलगा माझ्यामागं डब्यात डोकावला. “रेवती कुठाय?”

“घरी आहे तिच्या,” म्हटलं. “चल, पिशवी घे.”