मोटारीची बॅटरी आणि दगडूची होडी

किस्से कसे वाढतात बघा. होडीत आम्ही चौघं असायचो आणि रात्र एकच असायची. पण सांगायला बसलो की त्या एकेका रात्रीचे चार किस्से होतात, आणि चारही खरे! त्यातले माझ्या वाटणीचे तेवढे सांगतो.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी नाशिकच्या एका मोटार सर्व्हिसमध्ये कंडक्टर होतो. ड्रायव्हर रहिमानचाचा. आमची संध्याकाळची गाडी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकाठी एका गावात मुक्कामाला असायची. पहाटे तीच परत नाशिकला. रात्रभर करायचं काय? तर गावातल्या दगडू कोळ्याच्या होडीत बसून मासे धरायचे. चौथे गावातल्या शाळेचे जोशी गुरुजी. ते मासे खात नसत. फक्त ‘निरीक्षणाला’ येत.

एका रात्री वाऱ्यानं दगडूचा कंदील तीनदा विझला. चाचा उठले, गाडीची बॅटरी आणि एक हेडलाइट काढून होडीत घेऊन आले.

“आता फुंक म्हणावं वाऱ्याला!”

वायर जोडली. पाण्यावर असा लख्ख उजेड पडला की दगडूनं आधी हातच जोडले. उजेडावर मासे येतील म्हणून आम्ही जाळं घेऊन तयार. मासे कुठले! काठावरचे झाडून सगळे किडे आले. नाकात किडे, कानात किडे. गुरुजी “हे कीटक प्रकाशाकडे का येतात, तर...” असं समजावून सांगत होते आणि मधेच ठसकले. एक किडा आत गेला. मग दुसरा. मग तिसरा.

दगडू म्हणाला, “गुरुजी, आमाला काय बी गावलं नाय. तुमचं मातर जेवान झालं!”

*

गुरुजींनी मग शोध लावला की दिवा पाण्याखाली पाहिजे. त्यासाठी घरातली लोणच्याची काचेची बरणी गुपचूप आणली. आत बल्ब, झाकणाला मेण, तळाला दगड. बरणी पाण्यात सोडली आणि अहाहा! खालून हिरवा उजेड!

पाच मिनिटांत बरणीत पाणी शिरलं आणि बल्ब गेला. वर ओढली तर झाकण सुटलेलं आणि आत हातभर लांबीची, सापासारखी वाम मासळी वळवळत होती. गुरुजींनी बरणी राखेनं सात वेळा घासून फडताळात ठेवली. घरात कुणाला पत्ता नाही. जोशीकाकूंनी त्यातच लिंबाचं लोणचं घातलं.

पुढे गुरुजींचे सासरे आले. अत्यंत सोवळे गृहस्थ! पहिल्याच घासाला थांबले. गुरुजींनी घाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

सासरे म्हणाले, “लोणच्याला आज काही वेगळीच चव आहे.” आणि वाटी पुढे केली. “आणखी वाढ!”

*

बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, हा फार आतल्या गाठीचा प्राणी. सांडतं तेव्हा कळत नाही, नुसतं ओलं लागतं. एकदा मी होडीत त्या ओल्यावर बसलो. दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाडीत तिकिटं फाडायला वाकलो, तर टर्रकन आवाज!

मागून एक म्हातारबुवा म्हणाले, “मास्तर, तिकीट फाडा म्हनलं व्हतं. इजार न्हाई!”

*

आमच्या मोटार सर्व्हिसचे मालक शेटजी. त्यांनी चाचांना बजावलं होतं, “पुन्हा गाडी उशिरा आली तर घरी बसायचं!” आणि नेमकं त्याच आठवड्यात मरळ मासे असे लागले, असे लागले, की आम्ही दिवा विझवायचंच विसरलो. पहाटे बॅटरी ठार. गाडी ढिम्म हलेना. चाचांचा चेहरा उतरला. सगळे उतारू खाली उतरवले आणि धक्का मारायला लावले. त्यात एक फौजदारही होते. घामाघूम होऊन त्यांनी दरडावलं, “झालंय काय हिला?”

चाचा खोटं कधी बोलत नसत. “साहब, रातभर जागी आहे बिचारी!”

गाडी वेळेत पोचली. फौजदारांच्या धक्क्याची ताकदच तशी!

*

आणि एकदा चाचांच्या डोक्यात आलं की होडीला हॉर्नही पाहिजे. अंधारात समोरून दुसरी होडी आली तर? त्या सबंध पाण्यात दुसरी होडी नव्हती, पण हॉर्न बसला.

पहाटे परत निघालो होतो. पलीकडच्या काठाजवळ चाचांनी हौसेनं हॉर्न मारला. तर काठावर एक आजी गाठोडं घेऊन उभी राहिली. नजर अधू असावी. हेडलाइट बघून तिनं हात केला.

“नाशकाची मोटार का रं ही?”

आम्ही काही बोलायच्या आत दगडू म्हणाला, “व्हय आजी, बसा!”

आजी बसली. वर मला दटावलं, “सरक की जरा!” इकडच्या काठाला उतरवलं, तर समोर खरी गाडी.

“आता ही आनिक कशाला?”

मी म्हणालो, “आजी, इथं गाडी बदलायची असते.”

बदलली बिचारीनं. नाशिकच्या स्टँडवर उतरली आणि थेट शेटजींपुढे जाऊन उभी राहिली. चाचा पुसलेलीच काच पुन्हा पुसायला लागले.

आजी म्हणाली, “शेट, तुमची ही मोटार हाडं खिळखिळी करती. पर पहाटंची पयली मोटार लय झ्याक! धूळ नाय, दनकं नाय. रस्त्यावर जरा पानी हाय, आन् डायवर बांबूनं ढकलत व्हता, येवढंच!”

शेटजींनी चाचांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाले,

“धूळ नाही, दणके नाहीत? मग ती आमची नव्हेच, आजी!”