मिस्त्रींनी काढलेला पोचा

सिनेमात एका गाडीच्या मागे दुसरी गाडी लागली, की मिस्त्रींच्या घरात हिरोकडे कोणी बघत नसे. सगळे मिस्त्रींकडे बघत. ते खुर्चीत पुढे सरकत, कपाळावरचा चष्मा नाकावर घेत आणि म्हणत, "थांबव. जरा मागे घे. बंपर गळून पडला ना? आता वळणानंतर बघ, परत जागेवर. रस्त्यात येऊन कोणी बसवला, हिरोच्या सासऱ्यानं?"

माणूस डेंटर. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात पस्तीस वर्षं गेलेली. इतरांना धूर आणि फुटक्या काचा दिसत, यांना पत्रा दिसे. एकच व्हीलकॅप चार वेळा निखळते, पाच गिअरच्या गाडीत हिरो सातव्यांदा गिअर टाकतो, दरीत पडते ती गाडी भलत्याच मॉडेलची आणि वर तिच्यात इंजिनच नाही, हे सगळं त्यांच्या एका नजरेत येई. मुलगी त्यांचं हे बोलणं फोनवर टिपून लोकांना दाखवू लागली आणि साठी उलटलेले मिस्त्री प्रसिद्ध झाले. दवाखान्यात गेले तरी कंपाउंडर आधी बंपरचं विचारायचा.

प्रत्येक चुकीच्या शेवटी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "वहीवाली झोपली होती." कुठल्या शॉटमध्ये काय कसं होतं हे टिपून ठेवणारं एक माणूस शूटिंगवर असतं, हे त्यांनीच लोकांना सांगितलेलं. आता लोक ते वाक्य त्यांच्याआधी म्हणत. मिस्त्रीही खुशाल हसत. निलाजरेपणालाही सराव लागतो, आणि त्यांचा तो चांगला झाला होता.

एका रविवारी दुपारी शेजारच्या दुकानातला चष्मेवाला आणि त्याची बायको येऊन बसले होते. मुलीनं फोन काठीवर लावला आणि म्हणाली, "बाबा, आज फर्माइशीचा सिनेमा. यात आपला नदीवरचा पूल आहे म्हणे. तुम्ही हा कधी दाखवलाच नाहीत."

"तो नको. त्यात काही नाही."

"न बघताच कळलं?" चष्मेवाला म्हणाला. "आता नजर इतकी लांबची झाली का?"

मिस्त्री पाणी प्यायच्या निमित्तानं उठले, पण तोवर सिनेमा सुरू झाला होता. पांढरी गाडी धावत आली. तिच्या मागच्या दाराला ताटाएवढा पोचा. गाडी पुलावर चढली, तेव्हा दार कसं गुळगुळीत. पूल उतरली, पोचा परत हजर.

"वहीवाली झोपली होती!" चष्मेवाल्यानं मांडीवर थाप मारली. त्याची बायको हसली, मुलगी हसली आणि तिनं फोन बापाकडे वळवला. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

ते दार त्यांनी स्वतः सरळ केलं होतं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शूटिंगवाल्यांनी तीन सारख्या पांढऱ्या गाड्या आणल्या होत्या आणि त्या सांभाळायचं काम मिस्त्रींच्या गॅरेजला मिळालं होतं. पहिल्याच दिवशी एक गाडी खांबाला घासून मागच्या दाराला पोचा आला. दिग्दर्शकाला तो भलताच आवडला. पाठलागात पुढे सगळीकडे तो हवा, असं ठरलं. बाकी दोन गाड्या दुसऱ्या कामाला होत्या, त्यामुळे पुलावर तीच गाडी जाणार होती. वही सांभाळणारी मुलगी, विशीतलीच, संध्याकाळी दाराचा फोटो घेऊन गॅरेजमध्ये आली. "मिस्त्री, या दाराला हात लावू नका हं. उद्या पुलावर गाडी अशीच लागणार आहे." मिस्त्री "बरं" म्हणाले.

सकाळी तीच गाडी ब्रेक बघायला आली. ब्रेकवाला खाली सरपटला आणि मिस्त्री चहाची वाट बघत दारापाशी उभे राहिले. समोर पोचा, हाताशी हातोडी. मुद्दाम कोणी सांगायला हवं का? आतून टेकू दिला, बाहेरून चार हलके ठोके, मग आणखी चार. चहा येईपर्यंत दार सरळ आणि त्यावर पॉलिशचा हातसुद्धा फिरलेला. गाडी गेल्यावर त्यांना आठवलं. त्यांनी चहा संपवला आणि गप्प बसले.

सकाळच्या घाईत गाडी थेट पुलावर उभी केली गेली, तीसुद्धा सरळ झालेलं दार पलीकडे करून. वही सांभाळणारी मुलगी अलीकडे होती आणि कॅमेरा पलीकडच्या काठावर. दोन दिवसांनी चित्रण बघताना बोंब झाली. पूल एकाच सकाळपुरता मिळाला होता. दिग्दर्शक गॅरेजसमोर चाळीस माणसांदेखत त्या मुलीवर ओरडला, "झोपली होतीस का?"

"मी मिस्त्रींना सांगितलं होतं," ती म्हणाली.

सगळ्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांची गॅरेजमधली माणसंही बघत होती. ज्याचा हात स्वतःच्या ताब्यात नाही असा डेंटर, असं नाव पडलं असतं. मिस्त्री म्हणाले, "मला कोणी काही बोललं नाही."

त्या मुलीला त्याच दिवशी काढून टाकलं. जाताना ती गाडीपाशी थांबली. दारावरून तळहात फिरवला आणि मिस्त्रींना म्हणाली, "काम मात्र सुंदर केलंत. कुठं पोचा होता ते कळतसुद्धा नाही." आवाजात राग नव्हता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना पुढे कितीदा तरी वाटलं. त्यानंतर ते सिनेमातले पाठलाग बारकाईनं बघू लागले. दुसऱ्यांच्या चुका सापडल्या की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

"बाबा, बोला ना. चालू आहे."

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला. "ती झोपली नव्हती," ते म्हणाले. "ती जागीच होती. झोपलो मी होतो, आणि खोटंही मीच बोललो." मग त्यांनी सगळं सांगितलं. हातोडीचं, चहाचं, चाळीस माणसांचं. चष्मेवाला चष्मा पुसत बसला, तो पुसतच राहिला. त्याची बायको जमिनीकडे बघत होती. मुलीनं मध्ये एकदा फोन बंद करायला हात पुढे केला, तर मिस्त्री म्हणाले, "असू दे. इतके दिवस तिला हसलो ते सगळ्यांसमोर, मग हेही सगळ्यांसमोर."

सांगून संपलं. मुलीचा चेहरा उतरला होता. बापाकडे तिनं असं कधी बघितलं नव्हतं, आणि मिस्त्रींना ते बघणं सोसवेना.

"आपण तिला शोधू या," ती शेवटी म्हणाली. "इतकी माणसं बघतात, कोणीतरी ओळखेलच. नाव काय तिचं?"

तिन्ही गाड्यांना लावलेली खोट्या नंबराची पाटी मिस्त्रींना अजून तोंडपाठ होती. तो पोचा दाराच्या मुठीखाली किती बोटं होता, तेही ते सांगू शकले असते.

"नाव मी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले. "आम्ही सगळे तिला वहीवालीच म्हणायचो."